थॉरची जेजुरी

जेजुरीचा गड उतरताना भाचीनं विचारलं, "मावशी, थॉरची जेजुरी कुठंय गं?" तिच्या टी-शर्टवर थॉरचा हातोडा छापलेला होता आणि वर कुणीतरी उधळलेल्या भंडाऱ्यानं तो अर्धा पिवळा झाला होता. तिच्या परीनं प्रश्न अगदी सरळ होता. दसऱ्याला उचलतात तो खंडोबाचा अवजड खंडा तिला नुकताच दाखवला होता. खंडोबाजवळ खंडा आहे, त्याला गड आहे, दीपमाळा आहेत, अंघोळ आहे, नैवेद्य आहे. थॉरजवळ हातोडा आहे, तोही देवच आहे. म्हणजे त्याचाही कुठंतरी गड असणार, तिथंही पायऱ्यांवर अनवाणी पायांना चटके बसत असणार. मी म्हटलं, "आता नाही गं त्याला देऊळ." ती थांबली. "मग त्याला जेवायला कोण देतं?" मी तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, खाली येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो आणि तिच्या डोक्यातून विषय गेला. माझ्या डोक्यातून गेला नाही. ओडिन, थॉर, लोकी या नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, देवांच्या कथा मी आवडीनं वाचत आलेय. पण या देवांना एकेकाळी रोज कुणीतरी काहीतरी वाढत होतं, हे असं मनाला कधी टोचलं नव्हतं.

देऊळ होतं, तसं लिहून ठेवलेलं आहे. ब्रेमेनचा ॲडम नावाचा जर्मन धर्मगुरू १०७० च्या दशकात स्वीडनमधल्या उप्सालाचं वर्णन करतो. सोन्यानं मढवलेलं मंदिर, आत तीन मूर्ती, मधे थॉर आणि दोन बाजूंना ओडिन आणि फ्रिक्को, म्हणजे आपण ज्याला फ्रेयर म्हणून ओळखतो तो. रोगराई किंवा दुष्काळ आला की थॉरपुढे पेय ओतायचं, लढाई असेल तर ओडिनपुढे, लग्न असेल तर फ्रिक्कोपुढे. म्हणजे भाचीच्या प्रश्नाला उत्तर होतं. दर नऊ वर्षांनी मोठी जत्रा भरायची आणि तिच्यात प्राण्यांचेच नव्हे, तर माणसांचेही बळी देऊन देवराईतल्या झाडांना टांगायचे, असंही तो सांगतो. ॲडम स्वतः उप्सालाला गेलेला नव्हता. त्यानं ऐकीव लिहिलं, आणि परक्या धर्माबद्दल ऐकीव लिहिणारा माणूस काय काय वाढवून सांगतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तरी लग्न, दुष्काळ आणि लढाई यांना वेगवेगळे देव ही वाटणी त्यानं मनानं रचली असेल असं मला वाटत नाही. ती कुठल्याही गावची असू शकते. आज तिथं तीन मोठे हिरवे टेकाडवजा थडग्यांचे उंचवटे आहेत आणि एक दगडी चर्च आहे.

देवळातून मिळालं नाही ते सगळं पुढे पुस्तकांतून मिळालं, तेही दूरच्या आइसलँडमधून.

आइसलँडनं देव कसे बदलले ही गोष्ट मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा अस्वस्थ होते. इसवी सन १००० च्या सुमाराची गोष्ट. नॉर्वेचा राजा ख्रिस्ती होऊन बसला होता आणि सगळ्यांनी व्हावं म्हणून जोर लावत होता. आल्थिंग या लोकसभेत दोन तट पडले, हातघाईची वेळ आली. शेवटी निवाडा थोर्गेयर नावाच्या माणसावर सोपवला. तो कायदा सांगणारा, आणि स्वतः जुन्या देवांना मानणारा. तो आपल्या तंबूत गेला, अंगावर घोंगडं ओढून घेतलं आणि तो दिवस आणि ती सगळी रात्र एक शब्दही न बोलता पडून राहिला. दुसऱ्या दिवशी बाहेर येऊन त्यानं सांगितलं की कायदा फाटला तर शांतताही फाटेल, म्हणून सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यावा. पण घोड्याचं मांस खायची मुभा राहील, आणि घरात गुपचूप जुन्या देवांना बळी द्यायचा असेल तर द्यावा, फक्त साक्षीदार सापडला तर शिक्षा होईल. थोड्याच वर्षांत ती मुभाही गेली. रक्तपात टळला हे मोठंच. पण त्या घोंगड्याखाली त्या माणसानं काय केलं असेल? थॉरशी भांडला असेल, की त्याची परवानगी मागितली असेल? आमच्याकडे लग्नानंतर जागरण घालतात. वाघ्या दिमडीवर थाप मारून रात्रभर खंडोबा-बाणाईची गोष्ट गातो आणि पहाटेपर्यंत देव घरात बसलेला असतो. उद्यापासून हे गुपचूप करा, साक्षीदार नको, असं आपल्यातल्याच एका शहाण्या माणसानं सगळ्यांच्या भल्यासाठी सांगितलं, तर मी काय करेन, हे मला ठरवता येत नाही.

एवढं झाल्यावर देव विसरले जायला हवे होते. नाही गेले, कारण कविता आड आली. त्या लोकांचे दरबारी कवी, स्काल्ड, सरळ शब्द वापरत नसत. सोन्याला ते 'सिफचे केस' म्हणत. कारण थॉरच्या बायकोचे, सिफचे केस लोकीनं खोडी म्हणून कापले आणि मग भुईखालच्या बुटक्या कारागिरांकडून तिला सोन्याचे केस घडवून आणून द्यावे लागले. सोन्यालाच 'फ्रेयाची आसवं' (फ्रेया ही त्यांची एक देवी), आकाशाला 'यमिरची कवटी', कवितेला 'क्वासिरचं रक्त'. गोष्ट ठाऊक नसेल तर ओळ कळतच नाही. मोरोपंतांची आर्या वाचताना मुर कोण, कंस कोण हे माहीत नसेल तर 'मुरारि' आणि 'कंसारि' नुसते खडखडतात, तसंच. बाप्तिस्मा होऊन दोनशे वर्षं लोटली, तरी आइसलँडच्या लोकांचा जीव या कवितेत अडकलेला होता. राजांची स्तुती, पूर्वजांच्या लढाया, सगळा इतिहास त्याच कवितेत. देव टाकून कविता ठेवता येईना.

ही अडचण सोडवायला बसला तो स्नोरी स्टुर्लुसन. जन्म ११७९ चा. मोठा जमीनदार, दोनदा कायदा सांगणाऱ्याच्या पदावर बसलेला, मुत्सद्दी, लोभी म्हणून बदनाम, आणि घरचा पक्का ख्रिस्ती. १२२० च्या आसपास त्यानं 'एड्डा' लिहिली, ती होतकरू कवींचं पाठ्यपुस्तक म्हणून. आज आपण ज्याला नॉर्स पुराणं म्हणतो त्यातला फार मोठा भाग या पाठ्यपुस्तकातून आलाय. त्याची युक्ती बघण्यासारखी आहे. गिल्फी नावाचा राजा वेष पालटून देवांच्या वाड्यात जातो, तिथं एकावर एक मांडलेल्या आसनांवर तिघं बसलेले, आणि हा प्रश्न विचारत जातो: जग कशातून झालं, सर्वांत थोर कोण, शेवट कसा होणार. आपल्याकडे शौनकादी ऋषी सूताला विचारतात ती ही रीत. प्रस्तावनेत स्नोरी आधीच सांगून मोकळा होतो की हे देव म्हणजे आशियातून, ट्रॉयच्या बाजूनं आलेली हुशार माणसं, थॉर म्हणजे ट्रॉयच्या प्रियाम राजाचा नातू. पुढे तरुण कवींना बजावतो की ख्रिस्ती माणसानं या देवांवर विश्वास ठेवू नये, पण या गोष्टी टाकूनही देऊ नयेत. मला ही ओळ फार मोलाची वाटते. त्यानं किती आपलं घातलं, किती गुळगुळीत केलं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात, आणि घालायलाच हवा. ओडिनला 'सर्वपिता' म्हणून वर बसवताना त्याच्या डोळ्यांसमोर चर्चमधला पिता नव्हता असं कोण म्हणेल? पण थॉरच्या हातोड्याचा दांडा आखूड का, तर बुटका कारागीर भाता फुंकत असताना लोकी माशी होऊन त्याच्या पापणीला डसला आणि रक्त पुसायला त्यानं क्षणभर भाता सोडला म्हणून, हे स्नोरीनं लिहून ठेवलं नसतं तर आपल्यापर्यंत आलंच नसतं. १२४१ च्या सप्टेंबरात नॉर्वेच्या राजाशी बिनसल्यामुळे मारेकरी रात्री त्याच्या रेकहोल्टच्या घरात शिरले. तो तळघरात लपला होता. "वार करू नका," एवढंच तो म्हणाला असं सांगतात. ज्या गरम झऱ्याच्या कुंडात तो बसायचा ते गोल दगडी कुंड रेकहोल्टला अजून आहे.

स्नोरीच्या मागे आणखी जुन्या कविता आहेत. कुणी रचल्या त्यांची नावं उरली नाहीत, आणि चालही उरली नाही. त्यातल्या 'व्होलुस्पा'मध्ये एक भविष्य सांगणारी बाई ओडिनला जगाचा सगळा पट ऐकवते, आरंभापासून अंतापर्यंत. आरंभी वाळू नाही, समुद्र नाही, वर आकाश नाही, नुसती एक जांभई दिल्यासारखी पोकळी. यमिर या आदिराक्षसाला देव मारतात आणि त्याच्या देहाचं जग करतात: रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, केसांची झाडं, कवटीचं आकाश, मेंदूचे ढग. ज्यांच्या घरी षोडशोपचार पूजा झालीय त्यांना इथं पुरुषसूक्त ऐकू येईलच: मनापासून चंद्र, डोळ्यापासून सूर्य, मस्तकापासून आकाश, पायांपासून भूमी. यमिर आणि आपला यम हे एकाच मुळाचे, आणि सर्पाला मारणारा गडगडाटी थॉर वृत्राला मारणाऱ्या इंद्राचा लांबचा भाऊबंद, असं भाषांच्या कुळांचा अभ्यास करणारे मांडतात. मला ते पटतं, पण त्यावरून 'सगळं आपलंच' म्हणत सुटणं पटत नाही. एकाच आजीच्या दोन नातवंडांनी सांगितलेल्या गोष्टी आहेत या. उत्तरेकडच्या नातवंडानं ती थंडीत, सहा-सहा महिने काळोखाच्या कडेला बसून सांगितली, आणि तो काळोख तिच्यात उतरलाय.

कारण हे देव मरणार आहेत. आणि त्यांना ते माहीत आहे.

आपल्याकडे प्रलय येतो, पण विष्णू वडाच्या पानावर अंगठा चोखत उरतो. इथं ओडिनला फेनरिर लांडगा गिळतो. थॉर विश्वसर्पाला मारतो आणि त्याच्या विषानं नऊ पावलं चालून कोसळतो. ओडिननं एक डोळा मिमिरच्या विहिरीला देऊन शहाणपण घेतलं, नऊ रात्री स्वतःला झाडाला टांगून घेतलं, आणि हाती आलेलं ज्ञान हे की वाचायचा मार्ग नाही. त्याचे दोन कावळे रोज जगभर हिंडून येतात, एक विचार आणि एक आठवण. एका कवितेत तो म्हणतो की विचार परत येणार नाही अशी मला भीती वाटते, पण त्याहून जास्त भीती आठवणीची वाटते. घरात विसरत चाललेलं म्हातारं माणूस पाहिलेल्या कुणालाही या ओळीवर थांबावं लागतं.

पण मला या सगळ्यात सर्वांत जवळची वाटते ती सिगिन, लोकीची बायको. ओडिनच्या मुलाच्या, बाल्डरच्या मृत्यूला कारण झाला म्हणून लोकीला देव गुहेत तीन दगडांवर बांधून घालतात, त्याच्याच मुलाच्या आतड्यांनी, आणि तोंडावर ठिबकेल असा विषारी साप वर टांगतात. सिगिन शेजारी भांडं धरून उभी. थेंब भांड्यात पडतात. भांडं भरलं की ती ओतायला वळते, तेवढ्या वेळात विष लोकीच्या तोंडावर पडतं, तो तडफडतो, आणि पृथ्वी हादरते. भूकंप होतात ते त्यामुळे. तिला कुणी बांधलेलं नाही. लोकी कसा आहे हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसणार. तिच्या तोंडी या गोष्टीत एकही वाक्य नाही. हात भरून येत असतील, भांडं काठोकाठ आलं की आता ओतायला जावं की आणखी एक थेंब झेलावा, याचा हिशेब रोज चालत असेल. इंग्लंडच्या वायव्येला गॉसफर्थ गावी चर्चच्या आवारात दहाव्या शतकातला, सव्वाचार मीटरहून उंच दगडी क्रूस उभा आहे. त्यावर येशूचा वधस्तंभ कोरलाय, आणि दुसऱ्या बाजूला बांधलेला एक पुरुष आणि भांडं धरलेली बाई. नवा देव दगडात कोरतानाही त्या कारागिराला तिला सोडवेना.

हे देव आणि नवा देव कितीतरी काळ असे शेजारी नांदले. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात शंखजिऱ्याच्या दगडाचा एक साचा आहे, दहाव्या शतकातला. त्यात क्रूसही ओतता येतात आणि थॉरचा हातोडाही. गिऱ्हाईक मागेल ते. हेल्गी नावाचा आइसलँडचा एक आद्य रहिवासी ख्रिस्ताला मानायचा, पण समुद्रप्रवासाला निघताना थॉरला हाक मारायचा. यात ढोंग नाही. वाट कोणाच्या हातात आहे याची त्याला जाण होती. आणि स्टॉकहोमजवळच्या हेल्यो बेटावर १९५६ मध्ये उत्खननात ब्राँझची छोटी बुद्धमूर्ती निघाली, सहाव्या शतकाच्या आसपासची, वायव्य भारताच्या बाजूला घडलेली. कुठल्या व्यापाऱ्याच्या पोतडीतून, किती हात बदलून ती तिथं पोचली असेल! उलट्या टोकाला, या देवांची जुनी खूण शोधायची तर डेन्मार्कमधल्या विंडेलेव्हला २०२० मध्ये सोन्याचा खजिना सापडला. त्यातल्या एका पदकावर, पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या, रून लिपीत कोरलेलं आहे की हा ओडिनचा माणूस. ओडिनचं नाव असलेला आजवरचा हा सर्वांत जुना लेख. स्नोरीच्या आधी आठशे वर्षं!

नंतरच्या काळात या देवांचं जे झालं त्याबद्दल लांबण लावत नाही. नाझींच्या एसएस दलानं रून अक्षरं गणवेशावर चढवली. आपल्या स्वस्तिकाचं जे झालं तेच. अजूनही काही द्वेष्टे लोक थॉरचा हातोडा गळ्यात घालून फिरतात याचा मला मनापासून संताप येतो. घोंगड्याखाली पडून शांततेचा विचार करणारा तो म्हातारा त्यांच्या गावीही नाही.

त्यापेक्षा पुस्तकाबद्दल लिहिते. जुन्या देवकवितांची मुख्य पोथी एकच, १२७० च्या सुमाराला आइसलँडमध्ये वासराच्या कातड्यावर लिहिलेली, उरलेली पानं ४५, मधली आठ हरवलेली. ना चित्रं ना सोनेरी अक्षरं. वहीएवढी, धुरकट तपकिरी. अशा पोथ्यांत कातड्याला भोक असेल तर लिहिणारा त्याला वळसा घालून पुढे जातो, कारण कातडं महाग. चारशे वर्षं ती कुणाकुणाच्या घरात होती याचा पत्ता नाही. १६४३ मध्ये ती स्कालहोल्टच्या बिशपच्या हाती आली. त्यानं १६६२ मध्ये ती डेन्मार्कच्या राजाला पाठवली, म्हणून तिचं नाव 'राजाची पोथी' पडलं. त्या काळातल्या दुसऱ्या पोथ्यांचे हाल वाचवत नाहीत. एकीची पानं कापून बिशपच्या टोपीला आतून ताठपणा आणायला लावली होती. पुढे आइसलँड स्वतंत्र झाला आणि पोथ्या परत मागू लागला. २१ एप्रिल १९७१ रोजी डॅनिश नौदलाच्या जहाजातून ही पोथी आणि तिच्याबरोबर आणखी एक मोठी पोथी रेक्याविकच्या धक्क्यावर उतरली. हजारो लोक थंडीत उभे होते, शाळा बंद, मुलांच्या हातात झेंडे. त्या गर्दीत थॉरचा भक्त क्वचितच असेल. बहुतेक सगळे ल्युथरन ख्रिस्ती. त्या दिवसाचे फोटो बघताना मला पालखीला सामोरं जाणारं गाव दिसतं. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, आइसलँडमध्ये काही जणांनी जुन्या धर्माची संस्था काढली, १९७३ मध्ये सरकारनं तिला मान्यता दिली, आणि रेक्याविकमध्ये ते लोक आता देऊळही बांधतायत. म्हणजे भाचीला 'नाही' म्हटलं ते फार दिवस खरं राहणार नाही. पण देऊळ तयार झालं तरी मी तिला आधी पोथीच दाखवीन.

आणि त्या पोथीतली 'थ्रिम्सक्विदा' आधी वाचून दाखवीन, मोठ्यानं. थॉर झोपेतून उठतो तर हातोडा जागेवर नाही. दाढी थरथरतेय, केस झिंजाडतोय, हातानं चाचपडतोय. थ्रिम राक्षसानं तो चोरून आठ कोस जमिनीखाली पुरलाय आणि बदल्यात फ्रेया बायको म्हणून हवीय. फ्रेया अशी फुत्कारते की देवांचा वाडा हादरतो आणि गळ्यातला हार तुटून पडतो. मग हाइमडाल नावाचा देव सुचवतो, थॉरलाच नवरी करा. किल्ल्यांचा जुडगा, पायघोळ घागरा, डोक्यावरून पदर. थॉर म्हणतो, देव मला बायक्या म्हणतील. लोकी म्हणतो, गप्प बस, हातोडा आला नाही तर राक्षस इथं घर करतील. आणि स्वतः करवली होऊन निघतो. लग्नाच्या पंगतीत नवरी एक अख्खा बैल, आठ रावस आणि तीन पिंपं मद्य संपवते. थ्रिम चकित. करवली म्हणते, तुझ्या ओढीनं आठ रात्री जेवली नाही हो ती. बुरखा उचलून मुका घ्यायला जातो तर डोळ्यांतून जाळ. आठ रात्री झोपलीही नाही ना! कीचकवधातल्या अंधाऱ्या नृत्यशाळेत द्रौपदीऐवजी भीम वाट बघत बसतो, तिथं आपण ज्या आनंदानं सरसावून बसतो, तोच आनंद.

ही कविता ख्रिस्ती काळातली, जुन्या देवांची टर उडवायला रचलेली, असं काही अभ्यासक म्हणतात. मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण शेवटाजवळची एक ओळ आहे. थ्रिम म्हणतो, आणा तो हातोडा, नवरीच्या मांडीवर ठेवा, लग्न पवित्र करा. विधीची ही ओळ हसवण्यासाठी लागत नाही. हातोडा आणायला दुसरं कुठलंही निमित्त चाललं असतं. रचणाऱ्यानं हेच घातलं, कारण लग्नात हातोडा आणतात हे त्याला सांगावं लागलं नव्हतं. मांडीवर हातोडा ठेवलेली खरीखुरी नवरी त्यानं नाही तर त्याच्या आजीनं पाहिलेली असणार.